रत्नागिरीचा लोकसंख्या मनोरा, ‘आर’मधून

मनोरा म्हणजे पाठीला पाठ लावलेले वयोगटांचे दोन आडवे स्तंभालेख, एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेत युक्ती साधी आहे: पुरुषांचे आकडे ऋण करायचे, स्त्रियांचे धन ठेवायचे, की शून्यापासून दोन्हीकडे पट्ट्या निघतात. चित्राला दोन मिनिटं पुरतात. वेळ खातो तो त्याआधीचा तक्ता.

2011च्या जनगणनेचा सी-14 तक्ता घेऊ, त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट आहेत. आधी रत्नागिरीच्या ओळी वेगळ्या काढा. मग सर्व वयांच्या बेरजेची ओळ टाका. ती राहिली तर एकच पट्टी कागदभर पसरते आणि बाकीचा मनोरा दिसेनासा होतो. वय न सांगितलेल्यांची ओळही काढा, पण तसं तळटिपेत लिहा.

तक्त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची) फाईल एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केलीत तर 5-9 या गटाची तारीख झालेली असते. म्हणून वयाचा स्तंभ ‘आर’मध्ये थेट मजकूर म्हणूनच वाचून घ्या. तरीही एक घोळ उरतो. ‘आर’ मजकूर अक्षरक्रमाने लावतं, त्यामुळे 0-4 च्या डोक्यावर 10-14 येतो आणि 5-9 ची पोरं पन्नाशीच्या मंडळींत जाऊन बसतात. वयाच्या स्तंभाचा फॅक्टर (ठरावीक गटांचा स्तंभ) करताना लेव्हल्स, म्हणजे गटांची यादी, फाईलमधल्याच क्रमाने द्या, झालं.

‘आर’च्या जीजीप्लॉट2 या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये आडव्या अक्षावर टक्केवारी, उभ्यावर वयोगट, रंगाला लिंग आणि पट्ट्या काढणारं जिऑम_कॉल. आवृत्ती 3.3.0 पासून अक्ष उलटवायची गरज उरलेली नाही. अक्षावरचं ऋण चिन्ह घालवायला लेबल्सना एबीएस हे चिन्ह काढून टाकणारं फंक्शन द्या. दोन्ही बाजूंची मर्यादा सारखी हवी, नाहीतर शून्य मधोमध येत नाही. ती कोऑर्ड_कार्टेशियन या फंक्शनमधून द्या. स्केलच्या लिमिट्समध्ये दिलीत आणि एखादी पट्टी त्याबाहेर गेली, तर ती कापली जात नाही, अख्खीच गायब होते. एक इशारा येतो, तो कुणी वाचत नाही.

आता छेद, म्हणजे टक्केवारी काढताना कशाने भागायचं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. रत्नागिरी जिल्ह्यात 7,61,121 पुरुष आणि 8,53,948 स्त्रिया, म्हणजे हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. प्रत्येक गटाला 16,15,069 या एकूण लोकसंख्येने भागलं तर डावी बाजू 47.1 टक्के, उजवी 52.9. पुरुषांना पुरुषांच्या आणि स्त्रियांना स्त्रियांच्या बेरजेने भागलंत, की दोन्ही बाजू शंभर-शंभर. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांमुळे डावीकडे पडलेली तूट अर्धीअधिक झाकली जाते, आणि रत्नागिरीचा मनोरा काढायचा तो तर त्यासाठीच. पट्ट्यांवर वयोगटनिहाय लिंग गुणोत्तर छापलंत तर आणखी बरं.

सर्वांत वरचा 80+ हा गट पाच वर्षांचा नाही. त्याची पट्टी इतरांएवढ्याच जाडीची काढली तर टोक फुगतं. तिला फिका रंग द्या.

एकेका वर्षाचा मनोरा हवा असेल तर सी-13 तक्ता आहे. त्यात 30, 35, 40 असे कंगव्याचे दात दिसतात, कारण लोक वय शून्यावर किंवा पाचावर आणून सांगतात. ते मोजायला व्हिपल निर्देशांक: 23 ते 62 वयांतली 0 आणि 5 ने संपणाऱ्या वयांची माणसं, भागिले त्या टप्प्यातली सगळी, गुणिले 500. उत्तर 100 आलं तर गोल आकड्यांकडे ओढ नाही, 500 म्हणजे सगळेच गोल आकडा सांगतात. पाच वर्षांच्या गटांत हे दात बुजतात, पण 28-29 ची काही माणसं 30-34 मध्ये शिरलेली असतातच, म्हणून शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या लहानशा फरकावर भाष्य करू नका.