परत आलेला रिले रिकामा का राहतो?

मंडळी, दोनशे सर्व्हर आहेत, मध्ये त्यांचे लॉग (कामकाजाच्या नोंदींच्या ओळी) घेऊन पुढे पाठवणारे दोन रिले आहेत आणि मागे लॉग साठवणारी मुख्य यंत्रणा आहे, असं धरून चालू. रिले दोन ठेवायचे ते एक पडला तरी काम अडू नये म्हणून.

मी पूर्वी काम करत होतो तिथली एक रात्र सांगतो. पॅचसाठी पहिला रिले रीबूट केला, दहा मिनिटांत तो परत उभा राहिला. सकाळी पाहतो तर त्याच्यावर बोटांवर मोजण्याइतकी कनेक्शन्स! बाकी सगळा भार दुसऱ्यावर, आणि त्याची डिस्क भरत आलेली. दोन रिलेंमध्ये भार वाटणारा लोड बॅलन्सर मात्र ठणठणीत होता, रिले चालू आहे का हे पाहणारा हेल्थ चेकही हिरवा.

गोम अशी आहे की लोड बॅलन्सर कनेक्शन्स वाटतो, मेसेज नाही. वेबवर कनेक्शन्स सारखी नव्याने होतात, त्यामुळे वाटणीही नव्याने होत राहते. लॉग पाठवायच्या सिसलॉग पद्धतीचं टीसीपी कनेक्शन एकदा जुळलं की आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये ‘लीस्टकॉन’ (सर्वांत कमी कनेक्शन्स असलेल्याला पुढचं द्या) लावलंत तरी ते नव्या कनेक्शनपुरतं, जुनी जागची हलत नाहीत.

म्हणून पाठवणाऱ्यानेच अधूनमधून कनेक्शन सोडून पुन्हा जोडायला हवं. आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘रीबाइंड इंटरव्हल’ आहे. इतके मेसेज गेले की तोड आणि जोड. आकडा मात्र विचार करून ठेवा. समजा १०,००० ठेवला. सेकंदाला २,००० ओळी ओकणारा सर्व्हर दर ५ सेकंदांनी कनेक्शन तोडेल, आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) असेल तर सुरुवातीच्या हँडशेकचा खर्च दर वेळी. दहा सेकंदांना एक ओळ पाठवणाऱ्याला तेवढ्यासाठी सत्तावीस तासांहून जास्त लागतील. त्याची चिंता नको, त्याचा भार तो केवढा! आकडा ठरवायचा तो बडबड्या सर्व्हरकडे बघून.

आता जरा जपून. कनेक्शन तुटतं तिथेच ओळी हरवतात. साध्या टीसीपीत ‘पाठवलं’ याचा अर्थ एवढाच, की मेसेज आपल्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या (कर्नलच्या) बफरमध्ये गेला. त्या क्षणी रिले कोसळला तर ती ओळ गेली, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आरसिसलॉगचे कर्ते रायनर गेरहार्ड्स यांनी रेल्प हा प्रोटोकॉल काढला तो याचसाठी. समोरच्या प्रोग्रॅमची पोच आल्याशिवाय मेसेज आपल्या क्यूमधून (पाठवायच्या ओळींच्या रांगेतून) काढायचा नाही. पोच वाटेत हरवली तर तीच ओळ दोनदा येते. ते मला चालतं, हरवलेली ओळ चालत नाही. भारतात तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. जे पोचलंच नाही ते जपणार कसं?

क्यू डिस्कचा आधार असलेला ठेवा. सेकंदाला २,००० ओळी, ओळ ३०० बाइट्सची, म्हणजे तासाला सव्वादोन जीबीच्या आसपास. दोन्ही रिले एकाच वेळी गेले तर किती तास तग धरायची, हे आधी ठरवा, मग जागा द्या. आणि दोन्ही रिले साठ साठ टक्क्यांवर चालत असतील, तर एक पडला की दुसऱ्यावर एकशेवीस टक्के येणार. तिसरा रिले लागेलच.

एकाच सर्व्हरच्या ओळी दोन वाटांनी आल्या की क्रम बिघडतो. त्यामुळे ओळी क्रमाने लावायच्या त्या उगमाच्या वेळेवर, पोचल्याच्या नव्हे. त्यासाठी सगळी घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलवर) जुळलेली हवीत.

हे सगळं तपासायचं भर दुपारी, सगळे जागेवर असताना. सिसलॉगला ओळ पाठवणाऱ्या लॉगर कमांडने एक ते एक लाख क्रमांक पाठवा. मध्येच एका रिलेची वीजच काढा, सभ्यपणे बंद करू नका. पाच मिनिटांनी चालू करा. मग मागच्या टोकाला दोन गोष्टी बघा: कुठले क्रमांक गायब आहेत, आणि परत आलेल्या रिलेवर अर्धा भार यायला किती वेळ लागला.