नाव पुसलेला वळू

पडद्यावर दिसते आहे ती टेकडी स्पेनमधील असून, तिच्या माथ्यावर उभा असलेला काळा प्राणी १४ मीटर, म्हणजे चार मजली इमारतीहून उंच आहे. मराठीत आपण त्याला सहज बैल म्हणून मोकळे होऊ. परंतु नांगराला आणि गाडीला जुंपला जातो तो बैल हा नव्हे. हा वळू आहे, आणि तो वळू असल्याचे चित्रकाराने कोठेही झाकून ठेवलेले नाही. त्याच्या अंगावर आज एकही अक्षर नाही. त्याचा जन्म मात्र ब्रँडी विकण्यासाठी झाला होता.

दक्षिण स्पेनच्या कादिझ प्रांतातील एल पुएर्तो दे सांता मारिया या बंदराच्या गावी शेरी (एक प्रकारची कडक वाइन) आणि ब्रँडी तयार करणारी ओस्बोर्न ही पेढी १७७२ पासूनचा वारसा सांगते. इंग्लंडहून येऊन येथे स्थायिक झालेल्या व्यापाऱ्याचे आडनाव तिला मिळाले आहे, त्यामुळे स्पेनचे प्रतीक म्हणून जगभर ओळखला जाणारा हा वळू एक इंग्रजी आडनाव मिरवतो, ही गंमत येथेच नोंदवून ठेवू. १९५६ मध्ये या पेढीला आपल्या ‘व्हेतेरानो’ ब्रँडीसाठी रस्त्याकडेची जाहिरात हवी होती. ते काम माद्रिदमधील एका जाहिरात संस्थेत असलेल्या मानोलो प्रिएतो या चित्रकाराकडे आले. प्रिएतो मूळचा त्याच बंदराच्या गावचा, १९१२ मध्ये जन्मलेला, आणि भित्तिपत्रके रंगवण्यात मुरलेला होता. वाहनाच्या वेगात तपशील टिकत नाही, टिकते ती केवळ बाह्यरेषा, हे भित्तिपत्रकाचे शहाणपण त्याच्या रेखाटनात पुरेपूर उतरले आहे.

काळही अनुकूल होता. स्पेनमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण १९५६ मध्ये नुकतेच सुरू झाले होते आणि ते फारच थोड्या घरांपर्यंत पोहोचत होते. उलट १९५७ मध्ये ‘सेआत ६००’ ही छोटी मोटार बाजारात आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबे हळूहळू रस्त्यावर उतरू लागली. त्याच १९५७ मध्ये माद्रिदहून बुर्गोसकडे जाणाऱ्या राष्ट्रीय मार्गावर, काबानिल्यास दे ला सिएरा या गावाजवळ पहिला वळू उभा राहिला. तो लाकडी होता, अवघा ४ मीटर उंच होता, त्याची शिंगे पांढरी होती आणि अंगावर ब्रँडीचे नाव होते.

लाकडाने ऊन-पावसापुढे हार मानली. म्हणून १९६१ पासून वळू लोखंडी पत्र्याचा होऊ लागला आणि त्याची उंची ७ मीटर झाली. त्यानंतर जे घडले ते या इतिहासातील सर्वांत मनोरंजक प्रकरण आहे. १९६२ मध्ये नवा नियम आला आणि त्याने जाहिरात फलकांना रस्त्यापासून १२५ मीटर मागे हटवले. रस्त्याकडेची गर्दी कमी व्हावी हा त्यामागील हेतू स्पष्ट होता. ओस्बोर्नने नियम निमूटपणे पाळला आणि मागे सरकल्यामुळे वळू लहान दिसू नये म्हणून त्याची उंची थेट दुप्पट केली. आज आपण ज्याला भव्य म्हणतो तो १४ मीटरांचा आकार कोणा कलावंताच्या कल्पनेतून नव्हे, तर एका सरकारी अंतराच्या हिशेबातून आलेला आहे. पुढील काळात अशा वळूंची संख्या पाचशेच्या घरात गेली.

दुसरा घाव अधिक खोल होता. १९८८ च्या रस्तेविषयक कायद्याने शहरांबाहेर राष्ट्रीय मार्गांवरून दिसणाऱ्या सर्वच जाहिरातींना बंदी केली. ओस्बोर्नने वळू काढले नाहीत, केवळ त्यांच्या अंगावरील अक्षरे काळ्या रंगाखाली झाकली. नाव नाही, तेव्हा जाहिरातही नाही, असा हा युक्तिवाद होता. तो प्रशासनाला पटला नाही. दंड झाला, आणि १९९४ च्या नव्या नियमावलीनंतर हे वळू कायमचे हटवले जाणार हे जवळपास निश्चित झाले. तेव्हा वृत्तपत्रे, नगरपालिका, कलावंत आणि सामान्य प्रवासी त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या आकृतीने आपला मूळचा जाहिरातीचा अर्थ मागे टाकला असून ती निसर्गदृश्याचा भाग झाली आहे, आणि तिचे सौंदर्यमूल्य व सांस्कृतिक मूल्य लक्षात घेता ती उभी राहू द्यावी.

निर्णय सुंदर आहे, पण तो पूर्णपणे पटतो असे म्हणणे कठीण आहे. ज्याचे नाव सर्वांना पाठ आहे त्याला नावाची पाटी लागत नाही. वळू पाहिल्यावर ओस्बोर्न आठवत नाही असा स्पॅनिश माणूस विरळाच. न्यायालयाने जाहिरात संपल्याचे मान्य केले, तेव्हा ती खरे तर पूर्णत्वाला पोहोचली होती.

आज असे सुमारे ९० वळू शिल्लक आहेत. फुटबॉलच्या सामन्यांत स्पेनच्या ध्वजावर राजचिन्हाच्या जागी हाच वळू छापलेला दिसतो, आणि नेमक्या त्याच कारणाने तो सर्वांना प्रिय नाही. स्वतःची वेगळी ओळख जपणाऱ्या कातालोनिया या ईशान्येकडील प्रदेशात अनेकांनी त्याला उत्तर म्हणून आपल्या स्थानिक जातीच्या गाढवाची चित्रे मोटारींच्या मागे चिकटवली. बार्सिलोनाजवळील एल ब्रुक येथील वळू २००७ मध्ये पाडण्यात आला. पत्रा कापणाऱ्यांना त्यात ब्रँडी दिसत नव्हती, राजधानी माद्रिदची सत्ता दिसत होती.

आता कॅमेरा टेकडीच्या दुसऱ्या बाजूला जातो. समोरून पाहताना जे भरीव शरीर वाटत होते ते येथून एकमेकांना नट-बोल्टांनी जोडलेले सपाट पत्रे आहेत, आणि त्यांना चार जाळीदार लोखंडी मनोऱ्यांनी वाऱ्याविरुद्ध धरून ठेवले आहे. या वळूला जाडी नाही. पुढे निघून गेलेल्या प्रवाशाने मागे वळून पाहिले, तर त्याला तोच वळू विरुद्ध दिशेला तोंड करून उभा दिसतो, आणि त्याच्या पोटाआडून मनोऱ्यांचे पाय बाहेर आलेले असतात.