ओढायचं की ढकलायचं?

[काळा पडदा. फक्त आवाज : टकटकटकटक… टक… टक… मग शांतता.]

हा आवाज लक्षात ठेवा. किल्ली फिरवली की आधी भराभर टकटक, मग सावकाश, मग एकदम गप्प. गप्प झाला म्हणजे कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल हवेत मिसळून देणारी भांडी, भरले; आता स्टार्टरची मूठ ओढा. ज्यांच्या दारात जुनी इंग्लिश गाडी आहे त्यांना हा आवाज कुकरच्या शिट्टीइतका पाठ असतो.

[भांडारकर रस्त्याजवळच्या एका बंगल्याचं अंगण. ताडपत्री बाजूला होते.]

गाडी एमजी टीडी, १९५१ची. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात तीस हजारांना थोड्या कमी अशा टीडी तयार झाल्या. १२५० सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, लाकडी सांगाड्यावर चढवलेला पत्रा. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे चक्क उघड्यावर उभी, आणि तिच्या पाठीवर स्टेपनी. पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा काटा नाही. डॅशबोर्डवर एक दिवा आहे, तो लागला की पंप शोधायचा.

इथे एक खुलासा करायला हवा. पुण्यात 'पंप' म्हटलं की माणूस रांगेत उभा राहतो. आपली गोष्ट त्या पंपाची नाही. टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत पोचवणारा मुठीएवढ्या आकाराचा एक डबा गाडीत असतो, त्याची आहे.

[बॉनेट उघडतं.]

तो हा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावर, बॉनेटखाली. बनावट एस.यू. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळींचा मूळ धंदा बुटांचा, त्यामुळे त्यांच्या पहिल्यावहिल्या कार्ब्युरेटरमधला भाता चामड्याचा होता. पुढे कार्ब्युरेटरच्या जोडीने हे विजेवर चालणारे पंपही आले, आणि कित्येक इंग्लिश गाड्यांमध्ये ते बसले.

गाडी ताईंच्या वडिलांची. ताई आता साठीच्या पुढे आहेत, बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि गाडी स्वतः चालवतात. सोसायटीतल्या लोकांना गाडीपेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं, आणि ताईंना त्या कौतुकाचा मनस्वी कंटाळा आहे.

[दिवे घाट. दुपार.]

मागच्या एप्रिलमध्ये ताई सासवडला निघाल्या होत्या. हडपसर गेलं, वडकी गेली, घाट लागला. मस्तानी तलाव खाली दिसू लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. एका वळणावर ती बसलीच. अर्ध्या तासाने सुरू झाली, दोन वळणं चढली आणि पुन्हा बसली. सकाळी गार असताना हीच गाडी शहरभर विनातक्रार फिरते.

पहिल्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलून साफ केले. दुसऱ्याने इग्निशन कॉइल बदलली. तिसऱ्याने 'जुनी गाडी आहे मॅडम, घाटात नेऊ नका' असा सल्ला दिला आणि त्याचेही पैसे घेतले.

मग काका आले.

[नाना पेठेतली गल्ली. दोन्ही बाजूंना स्पेअर पार्टची दुकानं.]

काकांचं गॅरेज नाना पेठेच्या आतल्या एका गल्लीत आहे. वय पंचाहत्तर. फोनवर त्यांनी ताईंना एकच प्रश्न विचारला, "गाडी बसते तेव्हा पंप वाजत असतो की गप्प असतो?" ताईंना आठवेना. "मग परत घाटात जाऊ, ताई. पण दुपारी बाराला. सकाळी नको."

म्हणजे रोगी दाखवायचा तर तापात दाखवा. आमचा कॅमेराही बरोबर होता.

गाडी ठरल्यासारखी तिसऱ्या वळणावर बसली. काकांनी आधी मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत निर्वात होतं आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण उघडताना 'सूं' असा आवाज आला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. आवाज आला नाही. मग त्यांनी ताईंना किल्ली फिरवायला सांगितली.

[आवाज : अखंड, वेगाने टकटकटकटकटक…]

थांबतच नाही. काका म्हणाले, "बघा, रिकामा चावतोय." पंप चालू आहे, पण त्याच्या तोंडात पेट्रोल नाही, वाफ आहे.

त्यांनी पाण्याच्या बाटलीत फडकं भिजवून पिळलं, तारांना पाणी लागणार नाही असं बघून पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या पाइपवर गुंडाळलं. दोन-तीन मिनिटं गेली.

[आवाज : टकटकटक… टक… टक… शांतता.]

गाडी सुरू झाली. तीन गॅरेजांत जे कळलं नाही ते एका ओल्या फडक्याने सांगितलं.

[फलकावर खडूने काढलेली आकृती.]

आता यामागची गंमत बघू. पंपाच्या पोटात एक कॉइल आहे. वीज आली की कॉइल एका पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, मागे खेचते आणि पेट्रोल आत ओढलं जातं. डायफ्रॅम पूर्ण मागे गेला की एक खटका उडतो, पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी दोन टोकं, उघडतात, वीज तुटते. आता पुढचं काम स्प्रिंग करते. ती डायफ्रॅमला ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. डायफ्रॅम पुढे पोचला की पॉइंट पुन्हा जुळतात. हीच ती टकटक. कार्ब्युरेटर भरले की पेट्रोल आत सोडणारी त्यांची सुई बंद होते, पेट्रोलला जायला जागा राहत नाही, डायफ्रॅम अडून बसतो, पॉइंट उघडेच राहतात. म्हणून पंप गप्प. कुठलाही सेन्सर नाही, पण कधी थांबायचं हे त्याला बरोबर कळतं.

अडचण ओढण्याच्या भागात आहे. पंप पुढे, टाकी मागे. मधल्या लांबलचक पाइपमधून पेट्रोल ओढून आणायचं. उसाचा रस स्ट्रॉने ओढताना स्ट्रॉमधला दाब कमी होतो, तसा या पाइपमधलाही कमी होतो. आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे एका जातीचं द्रव नाही, अनेकांची मिसळ आहे. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, म्हणजे हवेचा दाब मुळातच थोडा कमी. वर एप्रिलची दुपार, घाटातला कमी वेग, बॉनेटखाली अडकलेली गरम हवा. पाइपमध्ये बुडबुडा झाला की संपलं. डायफ्रॅम मागे-पुढे होतो आणि तोच बुडबुडा ताणतो, दाबतो, ताणतो, दाबतो. पेट्रोल जागचं हलत नाही.

हीच गाडी ताईंचे वडील याच घाटातून नेत होते, तेव्हा ती बसत नव्हती. मग आत्ताच का? काकांचं बोट इथेनॉलकडे आहे. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच उसाच्या मळीतून आलेलंही. नुसतं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. पण पेट्रोलच्या हलक्या घटकांत मिसळलं की ती जोडी आणखी खालच्या तापमानाला उडते. शिवाय जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. होज फुगतात, चिरतात आणि ओढणाऱ्या बाजूला बारीक चीर जरी असली तरी पेट्रोलऐवजी हवा आत येते.

तेव्हा उपाय सरळ आहे. पंप मागे न्यायचा, टाकीच्या शेजारी, खालच्या अंगाला. ओढायचं अंतर वीतभर, बाकी सगळं ढकलायचं. ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो, ते सहजी उकळत नाही.

[ताईंचा दिवाणखाना. चहा.]

उपाय सरळ, पण गाव पुणे. ताईंच्या ओळखीतल्या दोन जुन्या गाडीवाल्यांनी लगेच हरकत घेतली : गाडी ओरिजिनल राहणार नाही. या शब्दावर पुण्यात तासभर कुणीही बोलू शकतं. काकांनी दोन वाक्यांत विषय मिटवला. टीडीनंतर १९५३च्या शेवटी जी टीएफ आली, तिच्यात कंपनीनेच पंप मागे नेला होता. "ज्यांनी गाडी केली त्यांना जे चाललं, ते तुम्हाला का चालत नाही?"

तरीही ताईंनी एक अट घातली. चासीला नवं भोक पाडायचं नाही. यात हट्टापेक्षा हिशेब जास्त आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची नंबरांच्या 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. ताईंना तो अर्ज करायचा आहे. एका पंपाच्या बोल्टने कोणी नोंद नाकारेल असं मला वाटत नाही, पण चासीत पाडलेलं भोक पुन्हा भरून निघत नाही हे खरं.

[गॅरेज. टाकीतून पेट्रोल काढलं जातंय.]

कामाला दोन दिवस लागले. बॅटरी आधी सोडवली. टाकी रिकामी केली. गॅरेजात खड्डा आहे, पण काकांनी गाडी खड्ड्यावर घेतली नाही, उघड्यावर जॅक लावून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात पाण्यासारखी साचते. एक ठिणगी पुरते. पोऱ्याला त्यांनी हे तीनदा सांगितलं, आमच्या लाइटवाल्याला चारदा.

तीन मिलिमीटर पत्र्याचा ब्रॅकेट वाकवला आणि दोन यू-बोल्टनी चासीला आवळला. मध्ये रबर. जागा निवडताना सायलेन्सरच्या विरुद्ध बाजू धरली आणि चाकाचा चिखल थेट अंगावर येणार नाही असा कोपरा. पंप बसवताना बाहेर जाणारं तोंड वर ठेवलं, म्हणजे आत हवा अडकली तर ती आपली आपण निघून जाते.

पंपही बदलला. पुढचा पंप कमी दाबाचा, दीड पीएसआयच्या आसपासचा (पीएसआय हे दाबाचं माप). मागे बसवायला त्याच बनावटीचा जास्त दाबाचा मिळतो, तीन पीएसआयच्या आतला. बाजारात आधुनिक पंप स्वस्तात आहेत, पाच-सात पीएसआय देणारे. ते या गाडीला लावले तर कार्ब्युरेटरची सुई तो दाब थोपवू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडून वाहतं. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, एकावर एक. पुढचं सांगायला नको.

आणखी एक खाचखळगा. टीडीला अर्थिंग उलटं आहे, बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. पॉइंटचा पंप कसाही जोडा, चालतो. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला पंप मात्र नेमका कुठल्या अर्थिंगचा आहे ते बघून घ्यावा लागतो, उलटा जोडला तर पहिल्याच किल्लीला जळतो. काकांनी पॉइंटचाच घेतला. "बंद पडला तर पाना मारून चालू होईल. सर्किटला पाना मारून काय होणार?"

[चासीच्या कडेने जाणारा नवा पाइप.]

पाइप पूर्ण नवा, तांबं-निकेलचा, ब्रेकला वापरतात त्या जातीचा. हा खर्च ताईंना आधी पटला नव्हता. पण मागे पंप नेला की हिशेब उलटतो. पूर्वी पाइपला चीर पडली तर गाडी हवा ओढून बंद पडायची, एवढंच. आता पाइपमध्ये दाब आहे, चीर पडली तर पेट्रोल बाहेर फवारलं जाईल. सत्तर वर्षांचा जुना पाइप त्यासाठी ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणूनच वायरिंगमध्ये फ्यूज आला आणि एक धक्का-स्विचही, गाडी कशावर आदळली तर पंपाची वीज तोडणारा. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि लोक नेमकी हीच लावत नाहीत. कागदी फिल्टर पंपाच्या पुढे, ढकलणाऱ्या बाजूला. ओढणाऱ्या बाजूला लावला असता तर पुन्हा ओढाताण.

जुना पंप काढला नाही. तो बॉनेटखाली जागच्या जागी आहे, पुसून चकचकीत केलेला, आतून कोरडा. पेट्रोल त्याला वळसा घालून जातं. प्रदर्शनात बॉनेट उघडलं तर ओरिजिनलवाल्यांना दिसेल तोच.

[बाटलीत पडणारी पेट्रोलची धार.]

कार्ब्युरेटरपाशी पाइप सोडवून बाटलीत धार धरली. अर्धा लिटर भरायला मिनिटभर लागलं. धारेत फेस नाही. ताशी साठने जाताना ही गाडी मिनिटाला साधारण शंभर मिली पिते, तेव्हा हे भरपूर झालं.

[दिवे घाट. मे महिना. दुपारचे सव्वाबारा.]

या वेळी तलाव दिसला, मागे पडला, घाटमाथा आला. गाडी थांबली नाही. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त डाव्या हाताने डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं.

सगळं दुखणं गेलं असं मात्र नाही. सासवडला रसवंतीवर वीस मिनिटं थांबलो, निघताना गाडी लगेच सुरू होईना. थांबलेल्या इंजिनाची उष्णता वर चढते, कार्ब्युरेटरमधलंच पेट्रोल उकळतं. त्यावर मागच्या पंपाचं काही चालत नाही. काकांनी बॉनेटच्या दोन्ही बाजू पाच मिनिटं उघड्या ठेवायला लावल्या.

मग ताईंनी किल्ली फिरवली आणि सवयीने कान पुढे लावला. पुढे काहीच नाही. रसवंतीच्या घुंगरांत मागची टकटकही ऐकू येईना. त्या तशाच बसून राहिल्या. काका मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, टाकीखाली हात घालून पंपावर ठेवला, आणि थोड्या वेळाने तिथूनच ओरडले,

"थांबला! ओढा आता!"