डिस्क विचारते, कुठला रे तू?

हे आमचं इंदूरच्या रामबागेतलं घर, आणि हे ते कपाट. वरच्या दोन खणांत आजोबांची पुस्तकं, खालच्यात माझे व्हिडिओ गेम. यातले निम्म्याहून जास्त भारतात कधी विकायला आलेच नाहीत.

आधी ही डिस्क बघा. बूड काळं आहे, पहिल्या प्लेस्टेशनच्या, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलच्या, ओरिजनल डिस्क अशाच असायच्या. आत्तेदादा जपानला कंपनीच्या कामाने गेलेला, तिकडून त्याने आणली, आणि मी शाळेत आठ दिवस आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आमचं प्लेस्टेशन लंडनच्या काकांनी पाठवलेलं होतं. डिस्क घातली, लोगो आला, आणि मग स्क्रीनवर एकच ओळ, प्लेस्टेशनची सीडी घाला. अरे, तीच तर घातलीये!

झालं असं की डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, सीडी रायटरला कॉपी करता येणार नाही अशा खोबणीच्या वळणांमध्ये, सोनीने चार अक्षरं लपवलेली असतात. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. कन्सोल चालू झाला की आधी ती वाचतो, आपल्या गावची नसली की दार बंद. आम्हाला हा प्रश्न काही नवा नाही म्हणा, पुण्यात कुणाच्या लग्नाला गेलो की पहिलं तेच, तुम्ही मूळचे कुठले, आणि इंदूरचे म्हटलं तरी समोरच्याचं समाधान होत नाही, हो पण मूळचे?

मग जेल रोड. तिथल्या एका दुकानात काउंटरवरच कन्सोल उघडला, "अरे भिया, चिप डाल देंगे, टेन्शन मत लो", आणि चार-पाच वायरी जोडून एक इवलीशी चिप आत बसवली. ती बिचारी करते काय तर कन्सोलच्या कानात तीच चार अक्षरं घोकत बसते, डिस्क कुठलीही असो. घरी येऊन लावलं, गेम सुरू झाला, पण ब्लॅक अँड व्हाइट! कारण आपला टीव्ही पॅल, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० वेळा चित्र, आणि जपान-अमेरिकेचा एनटीएससी, ५२५ ओळी आणि ६० वेळा. आमच्या जुन्या टीव्हीला त्यातला रंग कळेचना. महिनाभर मी तसाच खेळलो, तक्रार कुणाकडे करणार.

उलट बाजूनेही गंमतच होती. ६० चा गेम नीट न बदलता ५० वर चालवला की जवळजवळ १७ टक्के हळू पळतो. १९९१ चा पहिला सोनिक हा गेम युरोपातल्या पोरांनी असाच खेळला, जगातला सगळ्यात फास्ट प्राणी आणि चाल संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखी.

पुढे दादाने सुपर फॅमिकॉम आणला, निन्टेन्डोचा जपानी कन्सोल. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अॅडॅप्टर सरळ प्लगमध्ये घातला कुणी ते विचारू नका. वास दोन दिवस गेला नाही. हा खाली जड ठोकळा दिसतोय ना, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तो त्यानंतर आला.

निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉयला देशाचं असलं कुलूप नव्हतं, कुठलीही कार्ट्रिज, म्हणजे गेमची डबी, चालायची. २०११ ला थ्रीडीएस आला आणि निन्टेन्डोने हातातल्या कन्सोललाही पूर्ण कुलूप घातलं, ते का ते मला आजही पटलेलं नाही. २०१७ च्या स्विचमध्ये काढलं. तरी एक मेख आहेच, कार्ट्रिज जपानी असेल तर तिचं डीएलसी, म्हणजे गेमचा नंतर डाउनलोड करायचा जादा भाग, बहुतेक वेळा जपानच्याच स्टोअरमधून घ्यावं लागतं, आपलं खातं तिसऱ्याच देशाचं असलं की बसा बोंबलत.

आता पोरं विचारतात, इतकी यातायात कशाला, डाउनलोड कर ना. अरे, सगळं येतं कुठे? मदर थ्री हा निन्टेन्डोचा गेम घ्या, २००६ ला जपानमध्ये आला, बाहेर अधिकृत कधीच नाही, इंग्लिश भाषांतर चाहत्यांनी २००८ ला स्वतः बसून केलं.

ती कार्ट्रिज मी सेकंडहँड मागवली. कस्टमचा मेसेज आला तेव्हा पोटात गोळा, ड्युटी भरली, पाकीट आलं. मागे बघा, पेनाने काहीतरी लिहिलंय. मोबाइलचा भाषांतरवाला कॅमेरा धरला तर नाव निघालं, कुणा जपानी पोराचं, अक्षरही शाळेतलंच. आई म्हणाली खाली तुझं पण लिही, हरवणार नाही.

पेन शोधलं मी. मग नाही लिहिलं.