वर एक, खाली एक

मंडळी, लग्नानंतरची पहिली चार वर्षं आमचा कार्यक्रम ठरलेला असायचा. शुक्रवारी रात्री सॅक भरायची, स्वारगेट गाठायचं आणि मिळेल ती एस्टी पकडायची. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड. जागा नसली तर सॅकवरच बसून जायचं. परतीचं तिकीट आधी काढल्याचं मला आठवत नाही. मग मुलगी झाली.

ती दहा महिन्यांची असताना आम्ही रायगडला गेलो. रोपवे आहे की, असं सगळ्यांनी सांगितलं. पण आम्हाला पायऱ्यांनीच चढायचं होतं, आणि तेवढा वेळ तिला उन्हात पाठीवर बांधून न्यायला मन धजेना. शेवटी असं ठरलं की पाचाडला दोन दिवस मुक्काम करायचा. पहिल्या दिवशी नवरा वर जाईल, मी खाली थांबेन. दुसऱ्या दिवशी मी वर, तो खाली.

पहिल्या पहाटे मला राग आला होता, हे मोकळेपणाने सांगते. अंधारात मी मुलीला पाजत होते आणि दाराबाहेर तो बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याआधी मी रायगड सात वेळा चढले होते आणि सातही वेळा पाचाड फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. ऊन वर यायच्या आत मुलीला कडेवर घेऊन मी जिजाऊंच्या वाड्यात गेले. गडावरची थंड हवा जिजाऊंना मानवेना, म्हणून महाराजांनी हा वाडा खाली बांधून दिला असं सांगतात. तिथे एक विहीर आहे. तिच्या काठाला टेकून बसण्यासाठी दगडी बैठक केली आहे, म्हणून ती तक्क्याची विहीर. आता वाड्याचे चौथरे आणि भिंतीच तेवढ्या उरल्या आहेत. मुलीला मी एका चौथऱ्यावर सोडलं. दोन दगडांच्या फटीत शेवाळाची हिरवी रेघ होती. ती त्या रेघेवर बोट ठेवायची, उचलायची, बोटाकडे बघायची, परत ठेवायची. तासभर हेच चाललं होतं. मी शेजारी बसून राहिले. इतका वेळ एका जागी मी कुठल्याच गडावर बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. निघताना मी सूचना देत सुटले: भात कसा कालवायचा, दुपटं कुठल्या पिशवीत आहे, झोप आली की कान ओढते. नवरा म्हणाला, "तू जा. मला नाही कळलं तर ती रडून सांगेल."

वर हिरकणी बुरुजावर उभी राहिले. कोजागिरीला गडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरणारी आई, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शाळेत असताना मला त्यात धाडस दिसायचं. त्या दिवशी मुलीला पाजून सहा तास उलटले होते, माझी छाती दुधाने ठणकत होती, आणि तीच कथा माझ्या अंगाला कळली. मी भराभर उतरले. खाली बापलेक अंगणात बसले होते. तिच्या कपाळापर्यंत गुरगुट्या भात लागला होता आणि दोघंही मजेत होते.

जगदीश्वराच्या देवळासमोर दोघांनी मिळून बसणं त्या खेपेला राहून गेलं. त्याची हळहळ मला अजून आहे. पण त्या रात्री आम्ही किती बोललो! आधी सगळं बरोबरच पाहायचो, त्यामुळे सांगायला काही उरायचं नाही. आता त्याने मला वरचं सांगितलं, मी त्याला विहिरीचं. तेव्हापासून आम्ही पाळ्या लावूनच फिरतो. इथे जी तरुण जोडपी बसली आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मूल झालं म्हणून फिरणं थांबवू नका, आणि खाली थांबण्याचं काम कायम एकाच्याच गळ्यात घालू नका. बहुतेक घरांत ते आईच्याच गळ्यात पडतं. पिशवीत काय भरायचं याची यादी तिच्याच डोक्यात असते, आणि ज्याच्या डोक्यात यादी असते त्याला सुट्टी मिळत नाही.

बाकीचे बदल तुम्हाला माहीत आहेत. मोटारसायकल जवळपास सुटली. चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम केंद्राने २०२२ मध्ये काढला. तो मला पटतो. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. त्यामुळे खालच्या बर्थवर आई रात्रभर कडेला अंग चोरून पडते. मे २०२२ मध्ये लखनऊ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा बर्थ लावून पाहिला होता. अशा सोयी प्रत्येक गाडीत झाल्या पाहिजेत.

आणि एस्टी स्टँडवरचे हिरकणी कक्ष. बाळाला पाजायला आडोसा असावा म्हणून ते केले. कल्पना किती चांगली, नाव किती नेमकं! रायगडाहून परतताना एका स्टँडवर त्या खोलीला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे, ते कोणाला माहीत नव्हतं. नवऱ्याने माझी ओढणी दोन्ही हातांनी ताणून पडदा धरला आणि मी सामानाच्या ट्रंकेवर बसून तिला पाजलं. ते कुलूप मी विसरलेले नाही. तुमच्या गावच्या स्टँडवरची खोली उघडी असते का, एकदा जाऊन बघा. बंद असली तर तिथल्या तिथे तक्रार लिहा.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं पुन्हा पाचाडला गेलो. पूर्वी ताम्हिणीत ती गाढ झोपायची, आता वळणावळणाला मळमळतं. म्हणून आलेपाकाच्या वड्या आणि रिकाम्या पिशव्या हाताशी ठेवल्या होत्या. कंडक्टरने वय विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "पाच पूर्ण." त्याने हाफ तिकीट फाडून तिच्याच हातात दिलं. महाडपर्यंत तिने ते मुठीत धरलं होतं. घामाने त्यावरची अक्षरं पुसली, तरी कोणाला हात लावू देईना.