नवा स्मोकर आणि हवेचा हिशेब

मंडळी, कोळशाचा वॉटर स्मोकर, म्हणजे खाली निखारे, मधे पाण्याचं भांडं आणि वर जाळीवर मांस ठेवून ते धुरावर सावकाश शिजवायचं झाकणाचं भांडं, घरी आला की पहिल्याच रविवारी त्यात मटण लावायची घाई होते. माझी विनंती आहे, पहिल्या दिवशी तो रिकामा पेटवा. पाण्याचं भांडं कोरडं, जाळ्या मोकळ्या, वरखालच्या सगळ्या झडपा उघड्या, आणि भरपूर निखारे. कारखान्यातलं तेल, धूळ, नव्या पत्र्याचा वास दोन-तीन तासांत जळून जातो. हे सगळं जेवणात उतरू द्यायचं नाही.

बिडाचा तवा आपण तेल पाजून तयार करतो. इथे गोष्ट थोडी वेगळी आहे. चांगल्या स्मोकरला आतून इनॅमलचा लेप असतो, त्याला गंजासाठी तेल लागत नाही. नुसत्या पत्र्याचा असेल तर मात्र आतून तेलाचा पातळ हात जरूर फिरवा. लेप असो वा नसो, काजळी आणि चरबीचा थर मात्र हवाच. नवं अंग चकचकीत असतं, ते उष्णता आत परतवतं. शिवाय दाराच्या आणि जोडांच्या फटींतून नको ती हवा शिरते. म्हणून पहिल्या काही वेळा तापमापकाचा काटा १५० अंश सेल्सिअसवर जाऊन बसतो. त्याच्याशी भांडत बसू नका. या दिवसांत कातडीसकट कोंबडी लावा. ती जास्त आचेवर छान होते, आणि तिची चरबी उडून फटी आपोआप बुजत जातात. सावकाश शिजणारा बोकडाचा खांदा नंतर.

आता कोळसा. बाभळीचा लाकडी कोळसा उत्तम, पण चाळून घ्या, चुरा हवा अडवतो. खाली न पेटलेले तुकडे भरायचे आणि वर थोडेसेच निखारे ठेवायचे. अमेरिकेत ही पद्धत जिम मिनियन यांच्या नावाने ओळखतात. विस्तव हळूहळू खाली उतरत जातो आणि तासन् तास चालतो. पेटवायला रॉकेल अजिबात नको.

वरची झडप पूर्ण उघडी ठेवा, आच खालच्या झडपांनी सांभाळा. ११० अंश हवे असतील तर काटा शंभरीला टेकताच खालच्या झडपा आवळायला लागा, आणि एकदा हात लावला की पंधरा मिनिटं थांबा. आच वाढवणं सोपं, चढलेली उतरवणं फार जड जातं. झाकण तर उघडूच नका. उघडलं की हवा आत जाते आणि निखारे फुलतात.

पाण्याचं काम काय, हे मला नेहमी विचारतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपलं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. त्यापुढची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, साध्या पाण्याला उकळी आणायला लागते त्याच्या सातपटीहून जास्त. आचेला एवढा मोठा लगाम दुसरा नाही. शिवाय निखाऱ्यांची थेट धग मांसाला लागत नाही. पाणी आटलं की काटा एकदम उडी मारतो. म्हणून मधेच भर घालायची, तीही गरम पाण्याची.

धुराबद्दल मी आग्रही आहे. सुरुवातीचा दाट पांढरा धूर कडू असतो, तो जाऊ द्या. पातळ, निळसर झाला की मगच मांस ठेवा. हा धूर आकाशाकडे बघून कळत नाही, मागे काही गडद असेल तरच दिसतो. धुरासाठी निखाऱ्यांवर ठेवायचं लाकूड पेरूचं किंवा आंब्याचं, पूर्ण वाळलेलं. आपल्याकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात, मोह होतो. पण बागेत बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या, फवारण्या झालेल्या असतात, ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे विषारी रसायन लावतात. त्या काड्या जेवणाखाली जाळू नका.

स्मोकर उघड्यावरच चालवा. बंद गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. निफाडकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. अशा दिवसांत कोळसा जास्त भरा, आणि वाऱ्याला आडोसा करा, कारण थंडीपेक्षा झडपेत शिरणारा वाराच जास्त त्रास देतो.

काम झालं की सगळ्या झडपा बंद करा, उरलेला कोळसा विझून पुढच्या वेळी वापरता येतो. पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, पाणी आणि राख काढा. राख ओल धरते, पावसाळ्यात तळ खाते. पावसाळाभर झाकून ठेवायचा असेल तर झडपा किंचित उघड्या राहू द्या. तरी बुरशी आलीच, तर तो पुन्हा रिकामा कडक पेटवा, गार झाल्यावर आतून खरवडा आणि जाळ्या गरम पाण्याने धुऊन घ्या.