हमायका, तेपाचे आणि सगळ्यात शेवटी तेकीला

मंडळी, नमस्कार. आत येताना दोघातिघांनी या टेबलाकडे बघत हळूच विचारलं, "यातली तेकीला कुठली?" तर आधीच सांगून टाकते, आज तेकीला, म्हणजे ती मेक्सिकोची दारू, नाही. दोन बरण्या आहेत. एक लाल, एक तपकिरी. तपकिरीला फडकं बांधलंय, ती शेवटी उघडायची. आणि जे तेकीलासाठी आलेत त्यांनीही बसावं, तिच्याविषयी बोलणार आहे. पण मेक्सिकोच्या घरात पेयांचा विषय निघाला की सुरुवात पाण्यापासून होते, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

आम्ही तीन वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात राहिलो. यांची आयटीतली नोकरी. तिथे आपली बरीच मराठी मंडळी भेटतात. दुपारी जेवायच्या साध्या खानावळीला तिथे फोंदा म्हणतात. तुम्ही बसलात की काही न विचारता 'आजचं पाणी' येतं. पाणी म्हणजे आग्वा फ्रेस्का, म्हणजे फळांचं, फुलांचं, बियांचं पातळ सरबत. बाजारात हीच पाणी गुडघाभर उंचीच्या काचेच्या बरण्यांतून ओळीनं मांडलेली असतात, आत बर्फाची लादी आणि लांब दांड्याचा डाव. घरी न्यायचं म्हटलं तर प्लास्टिकच्या पिशवीत ओतून, नळी खोचून, गाठ मारून हातात देतात.

पहिल्या दिवशी माझ्यापुढे जे लाल पाणी आलं त्याचं नाव पाटीवर होतं जमैका. वाचायचं हमायका. एक घोट घेतला आणि म्हटलं, ही चव मला माहीत आहे. माझं आजोळ यवतमाळकडचं. आजी लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी करायची. हमायका म्हणजे तीच लाल अंबाडी! फुल गळून गेल्यावर बी भोवती जी मांसल लाल पाकळ्यांसारखी वाटी राहते, ती वाळवलेली. आपण पाल्याची भाजी करतो, भाकरीबरोबर खातो आणि बोंडांकडे बहुतेक ठिकाणी बघतही नाही. तिकडे अख्खा देश ती पितो.

ही समोरची बरणी त्याचीच. वाटीभर वाळकी बोंडं, लिटरभर पाणी, उकळी आली की पाच मिनिटं मंद ठेवायचं आणि गॅस बंद करून अर्धा तास विसरून जायचं. गाळून त्यात पाऊण वाटी साखर आणि आणखी लिटरभर गार पाणी. बस. एक आगाऊ सल्ला: "अंबाडी नाही तर कोकम चालेल का?" असं विचारू नका. कोकम उत्तम, कोकमाचं सरबत उत्तम, पण ते कोकमाचं सरबत. रंग सारखा आहे म्हणून नाव बदलून पाहुण्यांसमोर ठेवायचं, या प्रकाराचा मला कंटाळा आहे. नेमकी तीच वनस्पती आपल्या बांधावर उभी असताना तर फारच.

चिंचेचंही पाणी असतं. त्यावरून माझी एकदा फजिती झाली. शेजारच्या सेन्योरा चिंच कोळत होत्या. मी कौतुकानं सांगितलं, आमच्याकडे याला 'चिंच' म्हणतात. त्यांनी हात झटकला, आधी माझ्याकडे आणि मग भांड्यात पाहिलं. स्पॅनिशमध्ये चिंचे म्हणजे ढेकूण. मग मीही तामारिंदो म्हणायला लागले. तो शब्द अरबीतून आलाय, अर्थ हिंदचा खजूर. तेव्हा आपलं नाव त्यात आहेच.

ओर्चाता हे तांदळाचं. वाटीभर तांदूळ आणि दालचिनीचा बोटभर तुकडा चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात वाटा, सुती फडक्यातून पिळून गाळा, साखर घाला, हवं तर थोडं दूध. स्पेनमधल्या वालेन्सियात ओर्चाता एका जातीच्या कंदाची करतात. मेक्सिकोत आल्यावर ती तांदळाची झाली. फडक्यातून गाळायचा कंटाळा केलात तर तळाशी चिखल बसतो, मग मला दोष देऊ नका.

आता लिंबू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. अमेरिकेतल्या दुकानात मिळतं ते मोठं, हिरवंगार, बिनबियांचं लिंबू. मेक्सिकन माणूस ज्याला लिमोन म्हणतो ते बारकं, पातळ सालीचं, बियांचं. म्हणजे आपलं कागदी लिंबू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं जात तीच. आशियातलं हे फळ स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं. त्यामुळे मार्गारीता, म्हणजे तेकीला-लिंबाचं मिश्र पेय, करायची तर शिकागोतल्या माणसापेक्षा सोलापूरचा माणूस एका बाबतीत पुढे आहे. गूळ तसाच. तिकडे पिलोन्सिय्यो नावानं सुळक्यासारख्या छोट्या ढेपा मिळतात, उसाचाच, गडद रंगाचा. कोल्हापुरी गुळानं काम अडत नाही. पांढुरका घेऊ नका, काळसर घ्या.

हा गूळ लागतो तेपाचेला. पूर्वी तेपाचे मक्याची असायची, नाव तिथल्या मूळ लोकांच्या नाहुआ भाषेतलं; आज ती अननसाची असते, आणि तीही सालींची! गर खाऊन टाकायचा. पिकलेला अननस आधी स्वच्छ धुवायचा, पण साबण लावायचा नाही आणि घासघासून चकचकीतही करायचा नाही, कारण ज्या जिवांवर हे पेय आंबतं ते त्या सालीवरच राहतात. साली आणि मधला दांडा बरणीत घाला. दोन लिटर पाण्यात पाव किलो गूळ विरघळवून ओता, दालचिनी, तीन-चार लवंगा. साली पाण्याखाली राहतील अशी वाटी दाबून ठेवा, तोंडाला फडकं बांधा. मुंबईच्या उन्हाळ्यात दीड दिवस, पुण्याच्या थंडीत तीन. वर पांढरा फेस धरतो, कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. फेस चालेल; हिरवी-काळी लव दिसली तर सगळं मोरीत. एक दिवस जास्त राहिलं तर आंबट होतं, आणखी राहिलं तर शिरका होतो. तोही वाया जात नाही, कांद्यावर घाला.

एक करू नका, जे मी केलं. पहिल्या वेळी इतकी छान झाली की मी ती बाटलीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि ओट्यावर ठेवून झोपले. रात्री दोनला आवाज झाला. आम्हाला वाटलं बाहेर काहीतरी फुटलं. सकाळपर्यंत काचा वेचत होतो, आणि पुढे महिनाभर छताला अननसाचा वास होता. आंबणं चालू असलेलं पेय कोंडायचं नाही. गाळलं की थेट फ्रीजमध्ये, झाकण सैल.

तेपाचेत किंचित अल्कोहोल तयार होतं, म्हणून लहान मुलांना द्यायची तर मी एका दिवसाचीच देते. आणि आता कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते: याच्या पुढे, भट्टी लावण्याच्या वगैरे दिशेला घरी जायचं नाही. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेततं. आपल्याकडे तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायलासुद्धा परवाना लागतो. इथल्या किती जणांकडे आहे ते विचारत नाही.

आता घायपात. रेल्वेच्या कडेला, माळावरच्या बांधाला जी काटेरी, तलवारीसारख्या पानांची दिसते ती. ती मूळची मेक्सिकोची, तिकडे तिचं नाव 'मागेय' किंवा अगावे. तिच्यापासून तेकीलाच्या कितीतरी आधीपासून जे पेय होतं ते पुल्के. मोठ्या मागेयला फुलाचा दांडा येण्याच्या बेतात तिचं काळीज कापून वाटीसारखा खळगा करतात आणि तो रोज खरवडतात. त्यात गोड रस साठतो. त्लाचिकेरो, म्हणजे हा रस काढणारा माणूस, सकाळ-संध्याकाळ येतो; हातभर लांब पोकळ भोपळा खळग्यात बुडवतो, दुसऱ्या टोकानं ओढून रस वर घेतो आणि मडक्यात सोडतो. काही महिने झाड असा रस देतं आणि मग मरतं. ताज्या रसाला आग्वामिएल म्हणतात, मधाचं पाणी. आंबला की पुल्के: पांढरी, थोडी बुळबुळीत, आंबूस. नीरा आणि माडी यांचा जो संबंध, तोच हा. माडीसारखीच पुल्केही प्रवास करत नाही, कारण ती बाटलीतही आंबतच राहते. मेक्सिकोच्या जुन्या अॅझ्टेक लोकांनी मागेयची एक देवी मानली, मायावेल, आणि तिची पिल्लं म्हणजे चारशे ससे. प्रत्येक ससा म्हणजे नशेचा एक प्रकार. मला ही कल्पना फार आवडते. आपल्या एकेका मित्राला कुठला ससा चढतो हे डोळ्यांपुढे येतंच.

आणि खुद्द माडीही तिकडे आहे. १५६५ ते १८१५ मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश जहाजं चालत. त्यांवरच्या फिलिपिनो खलाशांनी पॅसिफिक किनाऱ्यावर नारळीची माडी काढायला शिकवलं. कोलिमा राज्यात आजही तुबा, म्हणजे हीच माडी, विकणारे फिरतात, वरून शेंगदाणे घालून देतात. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा शेंगदाणे बघून हसले, नंतर दुसरा पेला मागितला.

पुल्के घरी होत नाही, तेव्हा त्या नादात बांधावरची घायपात तोडू नका. चीक अंगावर उडाला तर खाजून हैराण व्हाल. दख्खनच्या घायपातीपासून दारू गाळण्याचं काम डेस्मंड नाझरेथ यांनी रीतसर केलं, २०११ मध्ये गोव्यात ती बाजारात आणली. तिला तेकीला म्हणता येत नाही, कारण १९७४ पासून ते नाव मेक्सिकोतल्या ठरावीक प्रदेशाचं आहे: हालिस्को राज्य आणि आणखी चार राज्यांतले काही तालुके. वाणही एकच, निळी अगावे. तेकीला गाव आमच्या घरापासून साठेक किलोमीटरवर होतं. मेस्काल, म्हणजे अगावेचीच दुसरी दारू, मात्र अनेक जातींच्या अगावेंची होते. तिचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर, माती लोटून कित्येक दिवस भाजतात. तो धुरकट वास तिथून येतो. तेकीलाची बाटली घेताना एकच बघा: 'शंभर टक्के अगावे' असं लिहिलंय का. नसेल तर कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसऱ्या कशाचीही चालते. मीठ चाटून, एका दमात, डोळे मिटून घेण्याची पद्धत मला अशाच बाटल्यांसाठी योग्य वाटते. ग्वादालाहारात चांगली तेकीला सावकाश पितात, बाजूला सांग्रिता: संत्र्याचा रस, लिंबू, मिरची, मीठ.

मार्गारीताचा जनक मीच म्हणणारे एवढे झाले की तो नाद मी सोडलाय. प्रमाण लक्षात ठेवा: दोन भाग तेकीला, एक भाग संत्र्याचं लिकर (गोड मद्य), एक भाग कागदी लिंबाचा रस, बर्फ घालून जोरात हलवा. मीठ पेल्याच्या अर्ध्याच कडेला लावा, नको त्याला दुसरी बाजू. बर्फाचा चुरा केलेली मार्गारीता ज्या यंत्रातून येते ते यंत्र १९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रापासून केलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. संग्रहालयात ठीक आहे.

मेक्सिकोत घरी पाहिलंत तर पालोमा जास्त. तेकीला, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू, मीठ. इथे मी पपनस वापरते, जे गोव्यात गणपतीच्या माटोळीला टांगतात. कोकमाच्या वेळी मी तुम्हाला दटावलं होतं, हे लक्षात आहे. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू, तेव्हा आईला बोलावलं तर राग नसावा. पपनसाचा रस, चिमूट मीठ, चमचाभर साखर, वरून साधा सोडा. तेकीला वगळलीत तरी पेय उभं राहतं, ही माझी कसोटी. तेकीला गावात ला कापिय्या नावाचा बार आहे. तिथल्या हाविएर देल्गादो यांची बातांगा म्हणजे तेकीला, कोला, लिंबू, आणि ढवळायला चमचा नाही, ज्या सुरीनं लिंबं चिरली तीच सुरी. नव्या प्रकारांतलं एकच सांगते, न्यूयॉर्कमध्ये फिल वॉर्ड यांनी २००७ मध्ये केलेलं ओआहाका ओल्ड फॅशन्ड: तेकीला, थोडी मेस्काल, अगावेचा पाक, कडवट बिटर्सचे दोन थेंब. लिंबू नाही. हिवाळ्यात बरं वाटतं.

चला, फडकं सोडते. पुढच्यांनी जरा वाकून बघा, हा फेस दिसतोय ना? काल दुपारी लावली होती. वास घ्या... हो, थोडा ताकासारखा, थोडा गुळाचा. कुणीतरी ती गाळणी इकडे द्या. पेले मागच्या रांगेपर्यंत पाठवा, बर्फ त्या डब्यात आहे. लवंग दाताखाली आली तर काढून टाका, गिळू नका. साली टाकून देऊ नका हं, त्यांवर अजून एकदा गूळपाणी चढतं. ज्यांना हव्यात त्यांनी डबा आणलाय का?